डिस्कॉर्डचे ऑटोमॉड : लावलेला नियम काढताना

यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव आणि कळंब तालुक्यांत पऱ्हाटी म्हणजे कापूस पिकवणाऱ्या तरुणांचा आमचा गट डिस्कॉर्ड या गटागटाने बोलण्याच्या ॲपवर आहे. भाव, फवारणी, हवामान आणि मजुरी यांसाठी वेगवेगळे चॅनेल ठेवता येतात, म्हणून आम्ही तेथे गेलो. डिस्कॉर्डने जून २०२२ मध्ये आणलेली ऑटोमॉड ही सोय नको ते संदेश आपोआप अडवते. एका सर्व्हरवर, म्हणजे एका गटाच्या जागेत, ठरावीक शब्द अडवणारे ६ नियम लावता येतात आणि एका नियमात १,००० शब्द बसतात. आमचे सहाही नियम भरले होते आणि त्यांतले काही उपयोगापेक्षा अडचणच अधिक करत होते, म्हणून गेल्या खरिपात आम्ही त्यांतील ३ काढले. हे परीक्षण त्या अनुभवावर आधारलेले आहे.

चूक आमच्या शब्दांच्या निवडीत होती. नुसता शब्द दिला, तर ऑटोमॉड तेवढाच पूर्ण शब्द पकडते. परंतु मराठीत प्रत्येक शब्दाला प्रत्यय लागतो, म्हणून आम्ही सरसकट तारकाचिन्हे लावली; तारकेच्या जागी कोणतीही अक्षरे आली तरी शब्द पकडला जातो. कोणावरही लाचेचे बिनपुराव्याचे आरोप होऊ नयेत, यासाठी ‘*लाच*’ असा नियम केला, तर ‘मलाच’, ‘त्यालाच’ आणि ‘सोयाबीनलाच’ लिहिणारे सगळे अडकू लागले. त्याहून गंभीर प्रकार ‘विष*’ या नियमाचा झाला. कर्जाच्या विवंचनेत कोणी टोकाचे काही लिहिले, तर आम्हाला लगेच कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता. प्रत्यक्षात ‘विषय’ आणि ‘विषाणू’ तर अडलेच, शिवाय ऐन फवारणीच्या दिवसांत एका सदस्याने ‘विषबाधा झाल्यासारखे वाटते, काय करू’ असे विचारले, तो संदेशही अडला. नियमात सापडलेले संदेश गट सांभाळणाऱ्यांना जेथे दिसतात, त्या सूचनेच्या चॅनेलवर तो आमच्यापैकी एकाच्या नजरेस पडला, म्हणून त्या सदस्याला वेळेत ग्रामीण रुग्णालयात नेता आले. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली. त्या जिल्ह्यातील गटात हा प्रश्न अडावा, याचे मला आजही वाईट वाटते.

त्या रात्री सगळे नियम एकदम खोडून टाकावेत, असे वाटले होते. तसे केले नाही, हे बरे झाले, कारण चोरबीटीचे, म्हणजे परवानगी नसलेल्या बीटी कापसाचे, बियाणे विकणारे आणि झटपट कर्जाचे दुवे टाकणारे ज्या नियमांमुळे बाहेर राहिले होते, तेही त्यांतच होते. ऑटोमॉडचा खरा गुण येथे कामी आला. संदेश अडवणे, सूचना पाठवणे आणि सदस्याला काही काळ गप्प करणे या कृती प्रत्येक नियमात स्वतंत्रपणे निवडता येतात. म्हणून आधी अडवण्याची कृती बंद करून फक्त सूचना चालू ठेवली. संदेश गटात दिसू लागले आणि नियमाने काय काय पकडले असते, हे आम्हाला पंधरा दिवस रोज पाहता आले. ज्या नियमाने त्या काळात एकही कामाची सूचना दिली नाही, तो बटणाने बंद केला. बंद केलेल्या नियमातील शब्द जसेच्या तसे राहतात, त्यामुळे गरज पडल्यास तो पुन्हा चालू करता येतो. खोडण्याचे काम सर्वांत शेवटी केले.

खोडलेला नियम परत आणण्याची सोय मात्र नाही, आणि ही या सोयीतील मोठी उणीव आहे. ऑडिट लॉग या सर्व्हरवरील बदलांच्या नोंदवहीत नियम कोणी आणि केव्हा खोडला हे ४५ दिवस दिसते. तेवढ्याने नियम परत येत नाही. म्हणून शब्दांची यादी, सूट दिलेल्या भूमिका (सदस्यांना दिलेली अधिकारांची पदे) आणि चॅनेल हे सगळे आधी वहीत किंवा फाइलमध्ये उतरवून घ्यावे. तपासणी साध्या सदस्याच्या खात्यावरून करावी, कारण सर्व्हर सांभाळण्याचा अधिकार असलेल्यांना हे नियम लागूच होत नाहीत. आम्ही तीन दिवस स्वतःच्या खात्यांवरून तपासत बसलो आणि सगळे सुरळीत आहे, असे समजत राहिलो. एखादा नियम बाहेरच्या बॉटने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमने, लावलेला असेल, तर आधी त्या बॉटचे अधिकार काढावेत, नाहीतर तो तोच नियम पुन्हा लावू शकतो.

‘विष’चा नियम आम्ही खोडलेला नाही. ‘विषय*’ आणि ‘विषाणू*’ हे शब्द परवानगीच्या यादीत घातले आहेत. ही यादी १०० शब्दांची असते आणि मराठीसाठी ती अपुरी पडते. हा नियम आता काहीही अडवत नाही, फक्त सूचना देतो, आणि फवारणीच्या महिन्यांत दोघे जण पाळीने रात्री अकरापर्यंत तो चॅनेल उघडा ठेवतात.