शेड आणि छतांसाठी रायनो-कांगारू: शिगम्यापासून चतुर्थीपर्यंतचा अनुभव

शिगम्याच्या सुमारास रायनो ८ हे त्रिमितीय आकार काढायचं सॉफ्टवेअर घेतलं, आता चतुर्थी उलटली. गोव्यातल्या फोंड्यातल्या आमच्या कार्यशाळेत दिव्यांच्या शेड आणि बाल्कांवापुढची (घरापुढच्या बसायच्या ओट्यापुढची) कापडी छतं बनतात. दोन्हींना मिनिमल सरफेस लागतात. साबणाच्या पाण्यातून तारेची चौकट वर काढली की तिच्यावर जो पडदा ताणून बसतो, तो हा आकार. कुठल्याही बिंदूवर एका बाजूला जास्तीत जास्त जेवढा बाक, काटकोनातल्या दिशेला तेवढाच उलटा. असे आकार काढायला ग्रासहॉपरमधलं (रायनोतल्या, घटक जोडून आकार घडवायच्या भागातलं) डॅनियल पायकरचं कांगारू हे ताण-ओढीचं गणित करणारं साधन वापरतो. ते रायनोसोबतच येतं.

कांगारूवर जीव जडला तो कॅटेनॉइडमुळे, म्हणजे दोन कड्यांमधे ताणलेल्या पडद्याच्या आकारामुळे. २४ सेंमी व्यासाच्या दोन कड्या समोरासमोर ठेवायच्या, मधे मेश (बिंदू-रेषांची जाळी) घालायची आणि स्लायडरनं कड्या लांब नेत जायचं. कंबर बारीक होत जाते आणि अंतर १६ सेंमीला टेकायच्या आतच एकदम मिटते. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही. अंतर व्यासाच्या साधारण ०.६६ पटीपुढे गेलं की तसा पडदा गणितातच उरत नाही. उंच शेड हवी तर मधे तिसरी कडी घ्या. थ्रीडी प्रिंटसाठी मात्र कंबर मिटायच्या आधीच थांबावं लागतं. १४.९ सेंमीपर्यंत भिंतीचा उभ्या रेषेपासूनचा कल ४५ अंशांच्या आत राहतो, सपोर्ट (छापताना खालून आधार) लागत नाही. त्यापुढे कडीजवळचा भाग लोंबतो.

शिकवणीचे बरेच व्हिडिओ मेशच्या रेषांना शून्य लांबीच्या स्प्रिंगा लावायला सांगतात. दिसतं छान, पण त्यात क्षेत्रफळ कमी होत नाही, लांबीच्या वर्गांची बेरीज कमी होते. मेश बदलली की आकारही बदलतो. त्याऐवजी सोपफिल्म हा 'गोल' (कांगारूला दिलेलं उद्दिष्ट) लावा, जोडीला टॅन्जेन्शियल स्मूद, म्हणजे बिंदू एका जागी गर्दी करत नाहीत.

कापडात खरी कसोटी. हा आकार सपाट कापडातून सुरकुतीशिवाय निघतच नाही, पट्ट्या पाडाव्या लागतात. इथे कांगारूची मदत कमी. रायनोची स्क्विश कमांड पट्ट्या सपाट करते, पण कापडाचा ताण आणि शिवणीची माया आपणच धरायची. शिवाय चारही कोपरे जवळजवळ एका उंचीवर असतील तर पडदा मधे सपाट होतो. आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तिथे पाण्याचं डबकं साचणारच. समोरासमोरचे दोन कोपरे भरपूर उचला, घरमालकानं कितीही कुरकुर केली तरी.

गायरॉइडसाठी, म्हणजे सगळीकडे पुन्हा पुन्हा येणाऱ्या वळणदार मिनिमल सरफेससाठी, मात्र मी कांगारू उघडत नाही. ॲलन शोएननं १९७० मध्ये मांडलेला हा आकार साइन-कोसाइनच्या एका ओळीच्या सूत्रातून अगदी जवळपास मिळतो. नुसती गायरॉइडची जाळीच छापायची असेल तर रायनोवर पैसे घालू नका, फुकटच्या स्लायसरमध्ये (प्रिंटरसाठी मॉडेलचे थर पाडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) तो इनफिल, म्हणजे आतली भरण, म्हणून असतो. छतं आणि शेड करणाऱ्यांनी मात्र रायनोची ९० दिवसांची पूर्ण चाचणी आवृत्ती जरूर घ्यावी. पुढे लायसन्सचे पैसे एकदाच भरायचे, दरवर्षी नाही. छोट्या कार्यशाळेला हा फार मोठा फायदा आहे.