बदामाशिवाय मॅकरॉन: सूर्यफुलाच्या बिया की भोपळ्याच्या?

मुलाला बदामाची अ‍ॅलर्जी, आणि वाढदिवसाला हट्ट मॅकरॉनचाच, म्हणजे बदामाचं पीठ, साखर आणि फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्याची दोन कवचं नि मध्ये सारण अशा फ्रेंच बिस्किटांचा. बदामाच्या पिठाऐवजी कुठल्या बिया घेऊ, असं एका मैत्रिणीनं विचारलंय. दोन्ही चालतात, सोललेल्या, बिनमिठाच्या, न भाजलेल्या घ्यायच्या आणि वजन बदामाच्या पिठाइतकंच धरायचं.

खरा फरक रंगात. भोपळ्याच्या बिया मुळातच हिरव्या, त्यामुळे कवच पिस्त्यासारखं दिसतं. त्यात गुलाबी रंग घातला तर मळकट होतो. सूर्यफुलाचं पीठ फिकट राखाडी. शिवाय त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल अंड्याच्या अल्कधर्मी पांढऱ्याशी भिडलं की हिरवट झाक येऊ शकते. ती बुरशी नव्हे, खुशाल खा. पांढरं फेटताना लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब टाकले की झाक कमी होते.

दळताना दोघी सारख्याच छळतात. मिक्सर जरा जास्त फिरला की तेल सुटून लगदा! पिठीसाखर सोबत घालून थांबत थांबत फिरवा, मग चाळा. सूर्यफुलाची चव सौम्य आणि खर्चही सहसा कमी. भोपळ्याची चव ठसठशीत.

सुट्या बिया मात्र नकोत, सुकामेव्याच्या दुकानात एकच माप सगळ्या डब्यांत फिरतं. पाकिटावरची अ‍ॅलर्जीची सूचनाही वाचा.

व्हॅनिला, लिंबू असे फिक्या रंगाचे मॅकरॉन हवेत तर सूर्यफूल. चॉकलेट, कॉफी किंवा मुद्दाम हिरवे करायचे असतील तर भोपळा. अंडंही चालत नसेल, तर मॅकरॉनऐवजी साबले, म्हणजे लोण्याची खुसखुशीत फ्रेंच बिस्किटं, बिनअंड्याची करा. ती कितीतरी सोपी.