कर्दळीच्या वाफ्यात सांडपाणी सोडून १४ महिने झाले

आमचं घर सासवडजवळ, माणसं पाच. शौचालयाचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं, पण न्हाणीघर, धुणं आणि मोरीचं पाणी वर्षानुवर्षं घरामागे साचायचं. डास, वास, शेजाऱ्यांशी कुरबूर. आणि त्याच परसात मे महिन्यात नारळांसाठी टँकर मागवायचा. हे मला फार लागायचं.

मग कर्दळीचा वाफा केला. १६ फूट लांब, ३ फूट रुंद, २ फूट खोल चर, आत शेततळ्याचा प्लास्टिक कागद, त्यावर खडी, खडीत कर्दळ. पाणी एका टोकाला शिरतं आणि खडीतून सरकत दुसऱ्या टोकाला निघतं. पातळी खडीच्या तीन-चार बोटं खाली ठेवायची. बाहेरच्या पाइपाचा एल्बो फिरवला की ती वर-खाली होते. उघडं पाणी नसल्यामुळे डासांना अंडी घालायला जागाच मिळत नाही. आमचं रोजचं पाणी ३०० लिटरच्या आसपास आणि खडीच्या फटींत मावतं साधारण ९५० लिटर, म्हणजे पाणी आत तीनेक दिवस राहतं.

येणारे-जाणारे कर्दळीच्या लाल फुलांचं कौतुक करतात. मुळांचा आधार आहेच, पण घाण खातात ते खडीवर बुळबुळीत थर धरून बसलेले जिवाणू. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५० च्या दशकात पाणवनस्पतींवर असे प्रयोग सुरू केले. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेचं फायटोरिड तंत्र याच वाटेवरचं.

तिसऱ्या महिन्यात वाफा तुंबला. गवंड्याने खडी न धुता कचासकट टाकली होती. पाणी वर आलं, सडक्या अंड्यासारखा वास सुटला. आम्ही सुरुवातीची तीन फूट खडी काढली, काळी चिकट झालेली, घमेल्याघमेल्याने धुतली आणि तोंडाशी मुठीएवढे दगड भरले. त्यानंतर आजवर तुंबला नाही. खडी स्वतः उभं राहून धुऊन घ्या, एवढं कळकळीने सांगते.

दुसरी गोष्ट तेलाच्या चेंबरची, म्हणजे वाफ्याआधी मोरीच्या पाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीची. दर शनिवारी झाकण उघडलं की पिवळट साय धरलेली असते, ती झाऱ्याने काढून खड्ड्यात पुरते. दोन शनिवार चुकले की तेल खडीकडे निघालंच. आता सासूबाई कढई आधी रद्दी कागदाने पुसतात आणि मगच मोरीत ठेवतात. साय निम्म्यावर आली आहे. ज्यांना हे दर आठवड्याला जमणार नाही, त्यांनी निदान मोरीचं पाणी वाफ्यात सोडू नये.

बाहेर येणारं पाणी काचेच्या ग्लासात धरलं तर फिकट पिवळसर दिसतं, वास ओल्या मातीचा. तरी त्यात जंतू असतातच. मेथी-कोथिंबिरीला मी ते कधीच घालत नाही. नारळ, पपई, शेवगा यांच्या बुंध्याशी पालापाचोळ्याखाली सोडते. एकदा पिंपात साठवून पाहिलं, दुसऱ्याच दिवशी घाण वास आला. धुण्याच्या पावडरीतल्या सोड्याने आळ्यातली माती पांढरट पडू लागली होती, म्हणून पावडर निम्मी केली आणि आळी पावसात मोकळी ठेवली.

उन्हाळ्यात कर्दळ स्वतःच बरंच पाणी पिते, त्यामुळे पुढे कमी येतं. तरी यंदाच्या मेमध्ये झाडांसाठी टँकर लागला नाही. पुन्हा करायचा झाला तर वाफा एवढाच ठेवेन, तेलाचा चेंबर मात्र दुप्पट मोठा करेन.