एअर रायफलचं किट घ्यायचं कुणाकडून? कोकणातल्या गिऱ्हाइकासाठी चार विक्रेत्यांची पारख

आधी निकाल सांगतो, मग कारणं. पैसे घेण्याआधी जो तुमच्या रायफलीच्या सिलिंडरचा (ज्यात पिस्टन धावतो त्या नळकांड्याचा) आतला व्यास विचारतो, त्याच्याकडून किट, म्हणजे रायफलीचे झिजलेले आतले भाग बदलायचा संच, घ्यावं. जो पहिल्या वाक्यातच स्पीडचा आकडा फेकतो, त्याचा फोन तिथेच ठेवावा.

सुटे भाग मागवून घरी खरी रायफल जोडणं हा अमेरिकेतला छंद. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ आडवं येतं. परवान्याशिवाय अग्निशस्त्र बनवणंच नव्हे, तर बदलणं आणि दुरुस्त करणंही गुन्हा आहे. म्हणून इथे विषय फक्त नळी सांध्यात दुमडून भरायच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या ४.५ मिमी एअर रायफलचा. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार बोअर (नळीच्या आतला व्यास) ४.५ मिमीच्या वर किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली की एअर रायफललाही परवाना लागतो. किट निवडताना ही मर्यादा कामाची आहे, त्यावर पुढे येतोच.

ओव्हरहॉल किटमध्ये काय असायला हवं? मेन स्प्रिंग, पिस्टन सील, नळीच्या तोंडाचं ब्रीच सील, स्प्रिंगच्या आतला गाइड, पिस्टनच्या बाजूची टोपी, दोन-तीन शिम वॉशर (फट भरायच्या पातळ चकत्या) आणि मॉलीची, म्हणजे मॉलिब्डेनमच्या ग्रीसची, छोटी डबी. बऱ्याच ठिकाणी नुसती स्प्रिंग आणि सील पिशवीत घालून तिला ‘फुल किट’ म्हणतात. गाइड नसेल तर ते किट अर्धंच. गाइड स्प्रिंगमध्ये हाताने दाबून घट्ट बसला पाहिजे. सैल असेल तर बार उडवल्यावर स्प्रिंग आत थरथरते, तिचा टणटण आवाज गालाला जाणवतो आणि नेम हलतो. लोक त्यावर ग्रीस थापून आवाज दाबतात. आवाज थोडा कमी होतो, पण तेच ग्रीस पुढे सरकून सीलसमोर जातं आणि जळायला लागतं.

निर्मात्याचा स्पेअर विभाग

रायफल चालू मॉडेलची असेल तर पहिला फोन इथे. मापाचा घोळ नाही, मॉडेल आणि सिरियल नंबर सांगितला की नेमका भाग मिळतो. तोटा इतकाच की बंद झालेल्या मॉडेलचं काही नसतं, आणि जर्मन डायना कंपनीच्या रायफलींच्या धर्तीवर बनलेल्या जुन्या देशी रायफली घरोघर अजून आहेत त्यांना हा रस्ता बंद. शिवाय सील कुठल्या पॉलियुरेथेनचं आहे हे फोनवरच्या माणसाला सहसा माहीत नसतं. आपल्या किनाऱ्यावर नेमका हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पॉलियुरेथेनचे ढोबळ दोन प्रकार, पॉलिएस्टरचं आणि पॉलिईथरचं. पॉलिएस्टरचं झिजेला चिवट, म्हणून सीलला ते सर्रास वापरतात. पण उष्ण, दमट हवेत पाण्याच्या वाफेने त्याच्या रेणूंची साखळी तुटत जाते. सील आधी चिकट होतं, मग तपकिरी मेणासारखा त्याचा भुगा पडतो. रायफल कपाटात नुसती ठेवली तरी हे होतं, एक छर्रा न उडवताही. मालवण-वेंगुर्ल्याच्या हवेत हे पुण्याच्या मानाने लवकर होतं. पॉलिईथरचं सील पाण्याला जास्त दाद देत नाही. पीटीएफईचं (टेफ्लॉनचं) तर पाणी पीतच नाही, फक्त ते मऊ नसल्याने सिलिंडरच्या मापाला अचूक उतरवावं लागतं. विक्रेत्याला विचारा, ‘सील एस्टरचं की ईथरचं?’ उत्तर आलं तर माणूस जाणकार. ‘रबर आहे, ओरिजिनल आहे’ असं उत्तर आलं तर समजून घ्या.

मुंबई-पुण्याची जुनी गन दुकानं

आमची पहिली पसंती हीच. यांच्या गल्ल्यामागे बसलेल्या माणसाने तुमच्यासारख्या शेकडो रायफली उघडलेल्या असतात. फोनवर संवाद साधारण असा होतो: ‘भाऊ, सिलिंडर आतून किती भरतो? २५ का २८? जुन्या स्प्रिंगची तार मोजलीत का?’ हे ऐकलं की निम्मं काम झालं.

मापं मात्र तुम्हीच द्यायची, आणि व्हर्निअरने, फूटपट्टीने नाही. सिलिंडरचा आतला व्यास दोन ठिकाणी आणि आडवा-उभा असा मोजा, कारण जुना सिलिंडर नेहमी गोल असतोच असं नाही. स्प्रिंगच्या तारेची जाडी, बाहेरचा व्यास, वेढ्यांची संख्या. स्प्रिंगची लांबी सांगून फारसा उपयोग नाही, जुनी स्प्रिंग वापरून आखूड झालेलीच असते. त्याऐवजी रायफल पूर्ण भरल्यावर स्प्रिंगला किती जागा उरते ते काढा. ही मोजदाद स्प्रिंग काढलेली असताना पिस्टन हाताने मागे, चापाच्या खाचेत अडकेपर्यंत सरकवून करायची.

हे माप का हवं? समजा जागा १०५ मिमी उरते. तार ३ मिमी आणि वेढे ३४, म्हणजे स्प्रिंग पूर्ण मिटल्यावर १०२ मिमी. तीन मिमी शिल्लक, चालेल. आता दुकानदाराने ‘थोडी दमदार’ म्हणून ३.२ मिमी तारेची, तेवढ्याच वेढ्यांची दिली. ती मिटते १०८.८ मिमीला. वेढे एकमेकांना भिडतात, पिस्टन खाचेपर्यंत पोचतच नाही, आणि गिऱ्हाईक चाप बिघडला म्हणून चाप खोलत बसतं. जोर लावून नळी ओढली तर नळीपासून पिस्टनकडे जाणारा जोडदांडा वाकतो.

या दुकानांचा दोष एकच, पॅकिंग. उघडी स्प्रिंग वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवतात. जुलैत हे पार्सल मुंबईहून निघून परशुराम घाट उतरून चिपळूणला आणि तिथून खाली कुडाळपर्यंत येतं. वाटेत दरड आली तर कुठल्या तरी गोदामात पडून राहतं. ओल्या कागदातल्या स्प्रिंगवर गंजाचे ठिपके येतात आणि स्प्रिंग तुटते ती नेमकी त्या ठिपक्यातून. पॉलिश पेपरने घासून ठिपका दिसेनासा होतो, खड्डा तसाच राहतो. ठिपके असलेली स्प्रिंग परत करा. मागवतानाच सांगा, तेल लावून प्लॅस्टिकमध्ये सीलबंद पाठवा. आणि शक्यतो मेअखेरच्या आत मागवा.

ऑनलाइन विक्रेते

इथे ‘पॉवर किट, १००० एफपीएस प्लस’ असं लिहिलेलं असतं. हिशेब करून पाहा. एफपीएस म्हणजे सेकंदाला फूट; १००० फूट म्हणजे सेकंदाला ३०५ मीटर. अर्ध्या ग्रॅमचा साधा छर्रा त्या वेगाने सुटला तर ऊर्जा होते २३ ज्यूल, म्हणजे परवान्याच्या मर्यादेबाहेर. जाहिरात खरी असेल तर माल कायद्यात बसत नाही, आणि बहुतेक वेळा ती खरी नसते. आकडा अतिहलक्या छर्ऱ्यावर किंवा सिलिंडरमध्ये तेल पेटून मिळालेला असतो. निरोगी ४.५ मिमी रायफल अर्ध्या ग्रॅमचा छर्रा २०० मीटरच्या आसपास सोडते, तेव्हा ऊर्जा १० ज्यूल भरते. दहा मीटरवर कागद भोकायला ती भरपूर झाली. बागेतल्या वानरांसाठी कुणाला जोरदार स्प्रिंग हवी असेल तर वानराला छर्रा मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, विषय तिथेच मिटला.

तारेच्या जाडीचं गणितही लक्षात असू द्या. स्प्रिंगचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. ३ वरून ३.२ मिमी केली, बाकी सगळं तेच ठेवलं, तरी कडकपणा सुमारे २९ टक्के चढतो. ऊर्जा त्या प्रमाणात वाढत नाहीच. पिस्टन नळीच्या तोंडाशी आपटून उलटा उसळतो, सीलची कड फाटते आणि काही दिवसांत रायफल पहिल्यापेक्षा मवाळ होते.

ऑनलाइन घ्यायचंच असेल तर ब्रीच सील आणि शिम घ्या. मेन स्प्रिंग नको. घेतलीच तर आल्याबरोबर काचेवर लोळवून पाहा, लडखडली तर वाकडी आहे. दोन्ही टोकं मिटवून, घासून सपाट केलेली हवीत. कापलेलं टोक तसंच असेल तर स्प्रिंग तिरकी दाबली जाते आणि पिस्टन सिलिंडरला एका बाजूने ओरखडतो.

एमआयडीसीतला टर्नर आणि ऑइल सीलचं दुकान

हा पर्याय लोक कमी लेखतात. गाइड आणि टोपी या दोन वस्तू कुडाळ किंवा रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतला बरा टर्नर डेलरिनच्या (एक टणक प्लॅस्टिक) दांड्यातून सहज काढून देतो, आणि त्या बाजारच्या किटमधल्यापेक्षा घट्ट बसतात, कारण तो तुमच्याच स्प्रिंगवर माप घेतो. सोबत स्प्रिंग न्यायला विसरू नका. ब्रीच सील म्हणजे बहुतेक रायफलींत साधी नायट्राइल ओ-रिंग, म्हणजे तेलाला टिकणारी गोल रबरी कडी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराच्या आसपास बोटींच्या इंजिनांचं सामान विकणाऱ्यांकडे ती मापावर मिळते, कुरिअरचा खर्च वाचतो. बसवल्यावर ती नळीच्या तोंडापेक्षा किंचित वर दिसली पाहिजे. खोल गेली तर खाली कागदाचा बारीक शिम घालावा. हवा गळते का हे पाहायला सांध्यावर टिश्यूचा कपटा ठेवून बार उडवा. कपटा उडाला तर गळती आहे.

पिस्टन सील मात्र इथे करून घेऊ नका. सायकलपंपाचा किंवा हातपंपाचा चामड्याचा बकेट वॉशर कापून बसवणारे आहेत. जुन्या चामडी सीलच्या रायफलीत तो काही दिवस चालतोही, पण पावसाळ्यात बुरशी धरतो आणि मऊ पडला की दाब धरत नाही.

किट आल्यावर

चांगलं किट वाया जातं ते बसवताना. पिस्टन आत जाताना सील सिलिंडरच्या लांब खाचेवरून सरकतं आणि त्या खाचेची कड कोपऱ्यात धारदार असते. सीलला बारीक काप जातो, दिसत नाही, आणि शिव्या मात्र दुकानदाराला. आधी बारीक पॉलिश पेपरने कड मारा, मग प्लॅस्टिकची पातळ पट्टी खाचेवर धरून त्यावरून सील सरकवा. ग्रीस किती? पिस्टनच्या बाजूंना मोहरीएवढं मॉली, तेवढंच स्प्रिंगला, सीलच्या पुढे काही नाही. खोबरेल, इंजिन ऑइल, शिलाई मशीनचं तेल, सगळं दाबाने पेटतं आणि मग धूर, धडाका आणि जळलेलं सील.

सील योग्य मापाचं आहे का हे स्प्रिंग घालण्याआधीच कळतं. पुढचं भोक बोटाने बंद करून पिस्टन पुढे ढकला. तो हवेवर उसळी घेऊन मागे आला तर ठीक. सुळकन पुढे गेला तर सील लहान, आणि ढकलायला दोन हात लागले तर मोठं. ही चाचणी स्प्रिंग बसवल्यावर कधीच करायची नाही.

स्प्रिंग रायफलीत थोडी दाबूनच बसते. मागची पिन काढताना किंवा घालताना सुताराचा लांब क्लॅम्प लावल्याशिवाय हात घालू नका, मागचा ठोकळा छातीवर येतो.

सुरुवातीचे ३०-४० बार थोडा धूर निघेल, वेगही वरखाली होईल. छर्रा न घालता रिकामा बार काढू नका. छर्ऱ्यामागे अडणारी हवाच पिस्टनला गादी देते, ती नसली की नवं सील पहिल्याच दिवशी चेपतं. शंभरेक बारांनंतरही वेग स्थिरावला नाही, तर किट आणणाऱ्या दुकानाला फोन करा. जुनं गन दुकान तिथे विचारेल, ‘खाच घासली होतीत का?’ आणि बहुधा नवं सील अर्ध्या किमतीत देईल. ऑनलाइनवाला पार्सल उघडल्याचा व्हिडिओ मागेल.

सीलची एक जोडी जादा घेऊन ठेवायची असेल तर ईथरची किंवा पीटीएफईची घ्या, सिलिका जेलच्या पुडीसह हवाबंद डब्यात. एस्टरचं सील साठवून ठेवण्यात पैसे घालू नका.