टिळकवाडीतील विद्यार्थी-खोली : यादीतील सामान आणि प्रत्यक्षातले सामान
मुलासाठी बेळगावात टिळकवाडीत ११ महिन्यांच्या करारावर घेतलेल्या या खोलीचा ताबा देताना मालकांनी सामानाची कानडी यादी पुढे केली. ती शेजाऱ्यांकडून वाचून घेतली, तेव्हा ‘सर्व सुस्थितीत’ हा शेरा आधीच लिहिलेला आढळला. प्रत्यक्षात कपाटाची खालची फळी ओलीने फुगली होती आणि खिडकीखालच्या भिंतीला बोट लावताच पोपडा हाती आला; इथला पाऊस पाहता हा दोष एका वर्षाचा नसावा. आम्ही प्रत्येक वस्तूचे फोटो काढले, हेस्कॉम या वीज कंपनीच्या मीटरचे रीडिंग यादीवरच नोंदवले आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. मालकांनी कुरकुर न करता शेरा बदलला, हे मान्य केले पाहिजे. पाणी मुबलक आहे. फळी मात्र अजून तीच आहे.