अंदमानचं पॅकेज आणि साडेसहाचा सूर्यास्त

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बावीस वर्षं भूगोल शिकवतेय. हे मुद्दाम लिहितेय, कारण गेले चार महिने जो तो मला ‘अगं, पण तू शिकलेली बाई...’ एवढंच म्हणून गप्प बसतो. पुढचं मीच सांगते. शिकलेली बाई २,०३,४०० रुपयांना फसली. विमानाची तिकिटं त्यात धरलेली नाहीत. ती आम्ही आमची काढली होती, म्हणून तेवढीच खरी निघाली.

दिवाळीची सुट्टी, ५ ते ११ नोव्हेंबर २०२४. माणसं सहा: आम्ही दोघं, आठवीतला मुलगा, ७१ वर्षांच्या सासूबाई, नणंद आणि तिचे मिस्टर. सासूबाईंना डोळे धड आहेत तोवर सेल्युलर जेल बघायचं होतं. बाकीच्यांना समुद्र हवा होता. पैसे सगळ्यांचे, पण सहलीचा एजंट मी शोधला होता, हे आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. विसरणारही नाही.

फेसबुकवर जाहिरात, मग व्हॉट्सॲपवर बोलणं, मग ‘आजच भरा, उद्या रेट वाढेल’. पुढचं तुम्हाला माहीत आहे. फरक इतकाच की हा मराठी बोलणारा होता, आणि गोड बोलणारा होता. ऑफिस पुण्यात आहे म्हणायचा. ‘ताई, तिथं आपलीच माणसं आहेत. आजींना सावरकरांच्या कोठडीपाशी निवांत बसू दे, कुणी घाई करणार नाही.’ सासूबाईंनी तो व्हॉइस मेसेज दोनदा लावायला सांगितला. तिथेच त्याचं काम झालं. ‘आपला माणूस’ या शब्दाला आपण किती स्वस्तात विकले जातो!

माणशी ३२,५००, सहा जणांचे १,९५,०००. बुकिंगला २०,०००. गणपतीनंतर ७५,०००. उरलेले १,००,००० ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कारण दिवाळीत बोटीच्या सीटा मिळत नाहीत म्हणे. आणि निघायच्या आठ दिवस आधी आणखी ८,४००, हॅवलॉक आणि नीलच्या ‘एन्ट्री परमिट’चे, माणशी १,४००. भारतीय माणसाला या दोन बेटांवर जायला परमिट लागतच नाही. हे मला तिथल्या टॅक्सीवाल्याने सांगितलं, आणि सांगताना तो हसला.

आता तो कागद. सात दिवसांचा कार्यक्रम त्याने पीडीएफमध्ये पाठवला होता. चिडिया टापू, सेल्युलर जेलचा लाइट अँड साउंड शो, वीसच्या जुन्या नोटेवरचा देखावा जिथून दिसतो तो माउंट हॅरिएट, नीलचा नैसर्गिक पूल. आणि दिवस तिसरा, हॅवलॉक: ‘राधानगर बीच, संध्याकाळी ६.३० वाजता नयनरम्य सूर्यास्त’.

ही ओळ मी वाचली. नुसती वाचली नाही, जेवताना सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली.

आठवीला स्थानिक वेळ आणि प्रमाणवेळ मी शिकवते. एका रेखांशाला चार मिनिटं. आपली प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं पूर्व रेखांशावरची, अंदमान जवळपास ९३ अंशांवर, आणि आमची सांगली साडेचौऱ्याहत्तरला. म्हणजे सांगलीपेक्षा तिथे सूर्य सव्वा तास आधी मावळतो. हे गणित मी दरवर्षी फळ्यावर करून दाखवते, परीक्षेत विचारते, चुकलं की मार्क कापते. नोव्हेंबरात राधानगरला साडेसहाला मिट्ट काळोख असतो. ज्याने तो कागद बनवला त्याने अंदमानचा किनारा जन्मात पाहिलेला नव्हता, हे त्या एका ओळीत लख्ख लिहिलं होतं. आणि मी आमटी वाढत होते.

सहामाहीच्या दोनशे चाळीस उत्तरपत्रिका घरात पडल्या होत्या, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं. आणि सुट्टीच्या कागदाकडे कोण पेपर तपासल्यासारखं बघतं? बघा. लाल पेन घेऊन बघा.

दुसरी खूण नवऱ्याच्या लक्षात आली होती. यूपीआयवर पैसे भरताना कंपनीच्या नावाऐवजी कुणा भलत्याच बाईचं नाव आलं. त्याचं उत्तर तयार होतं: ‘अकाउंटंटचं खातं आहे ताई, जीएसटीचा जरा घोळ चालू आहे.’ नवरा म्हणाला, थांबूया. मी म्हटलं, ‘अहो, तुम्हाला सगळेच चोर दिसतात.’ हे वाक्य आता आमच्या घरात महिन्यातून दोनदा परत ऐकू येतं. खात्याचं नाव आणि बिलावरचं नाव जुळलं नाही तर एक रुपयाही पाठवू नका. बिलावरचा जीएसटी नंबरही बघा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो. आमच्या पुणेकराचा २४ ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात.

पहिले दोन दिवस सगळं झकास झालं. हीच खरी मेख आहे. विमानतळावर नावाची पाटी घेऊन ड्रायव्हर हजर, पोर्ट ब्लेअरच्या हॉटेलात तीन खोल्या तयार. तेवढे दोन दिवसांचे पैसे त्याने खरोखर भरले होते. सासूबाई जेलमध्ये वरच्या मजल्यावर त्या कोठडीपर्यंत कठडा धरत चढल्या, चपला बाहेर काढल्या आणि उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. मी त्या माणसाला लगेच फोटो पाठवून ‘थँक्यू दादा’ लिहिलं. त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं.

७ तारखेला सकाळी हॅवलॉकच्या बोटीसाठी जेट्टीवर गेलो. काउंटरवरच्या मुलाने आमचा प्रिंट स्कॅन केला, मग नंबर हाताने टाकला, मग कागद उजेडात धरला. ‘मॅडम, ये टिकट आपका नहीं है.’ पीएनआर खरा होता, पण ऑक्टोबरात जाऊन आलेल्या कुठल्या तरी दोघांचा. त्यावर आमची सहा नावं चिकटवली होती. मुलगा कागद हातात घेऊन म्हणाला, ‘आई, आपल्या नावांचा फॉन्ट वेगळा आहे बघ.’ तेरा वर्षांचं पोर. मागच्या रांगेतले लोक आमच्या बॅगांना वळसा घालून पुढे जात होते. फोन लावला तर ‘दहा मिनिटं द्या ताई, सर्व्हर डाऊन असेल’. आठ वाजून वीस मिनिटांनी फोन बंद, तो आजतागायत. सासूबाई बॅगेवर बसून डब्यातली चकली खात होत्या. काही बोलल्या नाहीत. नणंदही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बोटीचा पीएनआर आला की त्याच दिवशी स्वतः बोट कंपनीला फोन करून नावं विचारा. हॉटेलचंही तसंच. एजंटने पाठवलेलं ‘व्हाउचर’ म्हणजे त्याच्या लॅपटॉपवर बनवलेलं चित्र. हॅवलॉकच्या हॉटेलात आमच्या नावाची नोंदसुद्धा नव्हती.

त्या दिवशी सीटा नव्हत्या. ८ तारखेची बोट मिळाली, जायचे १०,३२० आणि यायचे १०,३२०. हॅवलॉकला एक रात्र, तीन खोल्या, १३,५००. पोर्ट ब्लेअरला जास्तीच्या तीन रात्री, २५,२००. टॅक्सी ४,६००. वरचा खर्च ६३,९४०. नील बेट रद्द, माउंट हॅरिएट रद्द, एलिफंट बीचचं स्नॉर्केलिंग रद्द. मुलाने त्यासाठी दोन महिने पोहण्याचा क्लास लावला होता.

राधानगर मात्र बघितलं. पिठासारखी वाळू, मागे उंच झाडांची भिंत, पाणी इतकं उथळ की सासूबाईसुद्धा घोट्यापर्यंत शिरल्या. सूर्य पाण्यात गेला तसं नवऱ्याने घड्याळ बघितलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘पाचला नऊ मिनिटं कमी.’

तिथल्या पोलिसांनी सांगितलं, पैसे महाराष्ट्रात भरलेत, तक्रार तिकडे करा. इकडे आल्यावर पोलीस ठाण्यात गेले तर विधानसभेचा बंदोबस्त. ‘२० तारखेला मतदान आहे, नंतर या.’ नंतर गेले तर ‘२३ ला निकाल आहे’. तिसऱ्या खेपेला साहेब भेटले. म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही अंदमानला जाऊन आलात ना? फोटो आहेत ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे.’ म्हणजे चोराने अर्धं घर लुटलं तर उरलेल्या अर्ध्याबद्दल त्याचे आभार मानायचे! मी म्हटलं, १ जुलैपासून नवा कायदा आलाय, गुन्हा कुठेही घडलेला असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते. टेबलापाशी उभे असलेले हवालदार म्हणाले, ‘तुम्ही वकील आहात का?’ शिक्षिका आहे म्हटलं. ‘मग शाळेत शिकवा.’ शेवटी साध्या अर्जावर ‘मिळाला’ असा शिक्का मारून दिला. एफआयआर नाही.

बँकेत गेले तर एफआयआरची प्रत आणा. पोलीस म्हणतात बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. शिक्का मारणाऱ्या मॅडम रजेवर. वर मॅनेजरचं ऐकवणं, ‘पिन तुम्हीच टाकलात ना?’ १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन केला, तक्रारीचा नंबर मिळाला. पण पैसे जाऊन दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत झाले होते, खात्यात काय उरणार? तुम्हाला संशय आला तर त्याच तासाला १९३० लावा, नातेवाइकांशी चर्चा नंतर.

ग्राहक आयोगात आपल्या जिल्ह्यातच दावा करता येतो, पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे. तो मी केलाय. पण नोटीस पाठवायची कुठे? पुण्याच्या पत्त्यावर भाचा जाऊन आला, तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पाकीट परत आलं. आणि आमच्या सहाही जणांची आधार कार्डं त्याच्याकडे आहेत, दोन्ही बाजूंनी, स्वच्छ उजेडात काढलेली. द्यायचीच झाली तर मास्क केलेलं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, आधार द्या. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

मागच्या आठवड्यात मुलाने फोन पुढे केला. नवं पान, नवं नाव, फोटो तेच. उन्हाळी सुट्टी स्पेशल, माणशी २९,९९९. कार्यक्रमपत्रिका उघडली. दिवस तिसरा, राधानगर बीच, संध्याकाळी ६.३०. मी खाली लिहिलं, ‘तेव्हा तिथे अंधार असतो.’ दोन मिनिटांत मला ब्लॉक केलं.