‘अपंगत्व’च्या आधीचा शब्द

नाशिकला एकोणीस वर्षं दातांचा दवाखाना चालवला. ऱ्हुमेटॉइड आर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार सुरू झाला तेव्हा आधी सकाळी बोटातली अंगठी निघेना, मग दुधाची पिशवी कापायला कात्री धरवेना. एका दुपारी दाढ काढताना फोर्सेप्स हातातून निसटला आणि पेशंटच्या ओठाला लागला. त्याच संध्याकाळी सिस्टरना सांगितलं, उद्यापासून अपॉइंटमेंट घेऊ नका.

पैशांची फार धास्ती नव्हती, कारण पॉलिसी होती. मुलाच्या वर्गातल्या एका पालकांनीच विकलेली. “मॅडम, तुमचे हात हेच तुमचं भांडवल. हात गेले तर पंचवीस लाख.” टर्म प्लॅनला रायडर, म्हणजे मूळ विम्यावरचं जादा संरक्षण, जोडला, आठ वर्षं हप्ते भरले. क्लेम टाकल्यावर एका पानाचं पत्र आलं: रायडर अपघाती अपंगत्वाचा आहे, अपघात झालेला नाही, सबब दावा नामंजूर. बॉण्डमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या कागदात, तो ‘अपघाती’ शब्द पहिल्या दिवसापासून होता. पेशंटकडून संमतिपत्र ओळ न् ओळ वाचून घेणारी मी, स्वतःचा बॉण्ड कपाटात ठेवून मोकळी झाले होते. क्रिटिकल इलनेसची वेगळी पॉलिसी काढली होती, पण तिच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस होता, माझा आजार नव्हता.

इथवरच्या फसवणुकीत निम्मा वाटा माझ्या आळसाचा. पुढचं मात्र सरळ लुबाडणं.

पत्र आल्यावर चार-पाच दिवसांत एका गृहस्थांचा फोन आला. नामंजूर झालेले क्लेम मिळवून देतो म्हणाले. माझा पॉलिसी नंबर त्यांच्याकडे आधीच होता. तो कुठून आला हे मी विचारलंसुद्धा नाही. साडेअठरा हजार फाइल चार्ज, पैसे हातात आल्यावर पंधरा टक्के. बोलणं इतकं अदबीचं की मीच त्यांना घरगुती गोष्टी सांगत बसायचे. बोटं वाकल्यामुळे सही बदलली आणि बँकेने चेक परत केला, हेही त्यातच बोलून गेले.

पाच महिन्यांनी विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या ‘विमा लोकपाल, दिल्ली मुख्यालय’ इथून म्हणे फोन. बावीस लाख मंजूर, पण तुमची सही जुळत नाही म्हणून पेमेंट अडकलंय, पडताळणीचे शेहेचाळीस हजार भरा. सहीचं ऐकलं आणि माझी खात्रीच पटली. भरले. मग जीएसटीचे एक लाख दहा हजार मागितले तेव्हा यांनी फोन माझ्या हातातून घेतला.

खरं तर नाशिकच्या तक्रारी पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जातात. तिथे एक रुपयाही फी नाही. वकील किंवा एजंटामार्फत तक्रार चालत नाही. ती पॉलिसीधारकाने स्वतः, नाहीतर वारस किंवा नॉमिनीने करायची असते. म्हणजे ‘आम्ही लोकपालाकडे तुमची केस लढवतो’ हे वाक्यच खोटं. शिवाय कंपनीने नकार दिल्यापासून एक वर्षाच्या आत तक्रार करावी लागते, आणि या भल्या माणसाच्या नादात माझे सात महिने गेले. पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलं. रायडर काय सांगून विकला याची तक्रार आता मी स्वतः टाकली आहे. पॉलिसी विकणाऱ्या त्या पालकांचे तेव्हाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज सापडले, तेवढाच पुरावा. विमा नियामक आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ या तक्रार पोर्टलवरही नोंद केली.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 नंबर यांनी त्याच रात्री लावला. शेहेचाळीस हजारांतले बारा हजार समोरच्या खात्यात होल्ड झालेत, बाकीचे तासाभरात काढून घेतले होते. ते बारा हजार सोडवायच्या अर्जावर माझी सही लागते. बँकेतल्या मुलीने दोनदा करून घेतली, कार्डावरच्या जुन्या सहीशी ताडून पाहिली आणि शेवटी शाईचं पॅड पुढे सरकवलं.